आधी डुबकी, मग हुमण: गोव्यात पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्यांसाठी

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर वास्कोत आले त्याला आता नऊ वर्षं झाली. दर हिवाळ्यात माहेरचं कुणी ना कुणी फोन करतं, "गोव्याला येतोय, स्कूबा करायचंय, मासे खायचेत, तेवढं ठरवून ठेव." ठरवून देता देता लक्षात आलं की बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात, ते म्हणजे दिवसांचा क्रम. पहिल्या रात्री भरपेट थाळी आणि वर फेणी, दुसऱ्या सकाळी होडीत उलट्या, आणि राहिलेली डुबकी शेवटच्या दिवशी, संध्याकाळच्या विमानाच्या आधी. हा क्रम पूर्ण उलटा हवा. पाण्याचं काम सहलीच्या सुरुवातीला उरकायचं आणि शेवटचा अख्खा दिवस ताटासाठी ठेवायचा. त्याला शरीरशास्त्राचं कारण आहे, ते सातव्या मुद्द्यात सांगते.

१. कधी यायचं

डायव्हिंगचा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत समुद्र सगळ्यात शांत असतो. जून ते सप्टेंबर होड्या बंद. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताटातही बर्फातली मासळी येण्याची शक्यता जास्त. नाताळ आणि नव्या वर्षाच्या आसपासचे दोन आठवडे मी कुणालाच सुचवत नाही. होड्या भरभरून जातात आणि शिकवणाऱ्याकडे तुमच्यासाठी वेळ नसतो.

२. पाण्याकडून काय अपेक्षा ठेवायची

अंदमानचे निळेशार फोटो डोक्यात ठेवून येऊ नका. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या इथेच समुद्राला मिळतात आणि गाळ घेऊन येतात. पाण्याखाली कधीकधी दोन मीटरपलीकडचं दिसत नाही, चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत दिसतं. पाणी हिरवट असतं.

मग इथे का करायचं? कारण पहिल्या श्वासासाठी ही जागा फार चांगली आहे. वास्को-बोगमाळोसमोरच्या ग्रांदे बेटाच्या आडोशाला पाणी उथळ आणि बरंचसं संथ मिळतं. खडकांवर प्रवाळ आहे, बुडालेल्या जहाजाचे अवशेष आहेत (डायव्हर लोक त्याला 'सुझीज रेक' म्हणतात), आणि मासे भरपूर. फुगणारा पफर, पट्ट्यापट्ट्यांचा बटरफ्लाय, कपारीतून तोंड काढून बसलेली मोरे ईल, नशीब असेल तर लायनफिश. आणि पाणी गढूळ म्हणून आपण प्रत्येक गोष्ट जवळून बघतो. पहिल्या वेळी मी एका खडकाच्या हातभर तुकड्यासमोर दहा मिनिटं होते. एक बोटाएवढा मासा आपल्या बिळासमोरची वाळू तोंडात घेऊन बाहेर टाकत होता, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, अंगण झाडावं तसा. ते मी अजून विसरलेले नाही.

स्वच्छ पाणीच हवं असेल तर कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट गाठा. मडगावहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर, मुक्काम, आणि सकाळी होडी. पण आधी गोव्यात शिकून तिकडे गेलात तर नेत्राणीचं चीज होतं.

३. पॅकेज घेऊ नका, शिक्षक शोधा

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

किनाऱ्यावर फिरताना कुणीतरी येऊन सांगेल, "दीड-दोन हजारांत ग्रांदे आयलंड, डॉल्फिन, फिशिंग, जेवण, बिअर आणि स्कूबा." मी पहिल्यांदा असंच गेले होते. चाळीस जणांची होडी, गाणी लावलेली, त्या गोंगाटात पाच मिनिटांत सूचना संपल्या. पाण्यात उतरल्यावर एकाने मागून सिलिंडर धरून मला सरळ खाली दाबलं. कानात कुणी सुई खुपसावी तशी कळ आली. वर जायचं म्हणून मी अंगठा वर केला, तर त्याने 'छान चाललंय' असं समजून फोटो काढला. सात-आठ मिनिटांत सगळं आटोपलं आणि पुढचे तीन आठवडे डावा कान बंद. नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याला सूज आहे, थोडक्यात निभावलं.

पुढच्या वर्षी नीट शिकवणाऱ्याकडे गेले, आणि हे वेगळंच जग आहे हे तेव्हा कळलं. म्हणून पैसे भरण्याआधी एवढं विचारा:

– प्रशिक्षकाला कोणत्या डायव्हिंग संस्थेचं प्रमाणपत्र आहे, पाडी की एसएसआय की आणखी कुठली, आणि त्याचा क्रमांक काय? खरा प्रशिक्षक क्रमांक लगेच देतो. पाडीच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो.
– समुद्राआधी पोहण्याच्या तलावात किंवा कमरेएवढ्या पाण्यात सराव घेणार का? "होडीवरच सांगू" असं उत्तर आलं तर तिथून निघा.
– एका प्रशिक्षकामागे किती जण? पहिल्या वेळी दोघांपेक्षा जास्त नकोत असं माझं ठाम मत आहे.
– पाण्याखाली किती वेळ? अर्धा तास तरी हवा.
– होडीवर तातडीच्या उपचारासाठी प्राणवायूचा वेगळा सिलिंडर आहे का? हा प्रश्न विचारायला संकोचू नका.
– तब्येतीची प्रश्नावली भरून घेतात का? घेत नसतील तर तुमच्या जिवाची त्यांना पर्वा नाही, एवढं समजून जा.

नवख्यासाठी दोन पर्याय असतात. पहिला, एका दिवसाचा अनुभव, ज्याला 'डिस्कव्हर स्कूबा' म्हणतात. पोहता येत नसलं तरी चालतं, वय किमान दहा वर्षं, आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर. दुसरा, 'ओपन वॉटर' हा पूर्ण अभ्यासक्रम. त्याला तीन-चार दिवस धरा. त्यात समुद्रातल्या चार डुबक्या असतात, आणि २०० मीटर न थांबता पोहून, १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. मग १८ मीटरपर्यंत जाण्याचं प्रमाणपत्र मिळतं. पहिल्यांदाच येत असाल तर आधी एक दिवस करून बघा, मन रमलं तर पुढच्या वर्षी अभ्यासक्रमाला या.

नीट शिकवणाऱ्या ठिकाणी पॅकेजच्या तिप्पट-चौपट पैसे पडतात. ते हॉटेलच्या खर्चातून वाचवा, इथून वाचवू नका.

४. कागदपत्रं आणि सामान

आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आईवडिलांची लेखी संमती. प्रश्नावलीतल्या एखाद्या आजाराला 'हो' असेल तर डॉक्टरांचं पत्र, आणि ते इथे येऊन नाही, घरूनच आणायचं. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया, फुप्फुसाचा जुना आजार, यातलं काहीही लपवू नका. गरोदर असाल तर डायव्हिंग नाहीच.

भाड्याची दुचाकी घेणार असाल तर वाहन परवाना हवा, आणि गाडीची पाटी काळी, अक्षरं पिवळी असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, पोलिसांनी अडवलं की भुर्दंड तुम्हाला.

कपड्यांबद्दल बायका मला हळूच विचारतात, म्हणून उघडच लिहिते: पोहण्याचा तोकडा पोशाख लागत नाही. अंगाला घट्ट बसणारी लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट पुरतो, वरून वेटसूट (अंगाला बसणारा रबरी पोशाख) देतात. मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण खोलीवर ठेवून या. केसांना घट्ट रबर. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क आहे का हे आधीच विचारा. पुरुषांच्या दाट मिशीतून मास्कमध्ये पाणी शिरतं, वरची कड थोडी कापलीत तर त्रास वाचेल.

५. आदली रात्र आणि ती सकाळ

आदल्या रात्री दारू नाही. थेंबभरही नाही. दारूने शरीरातलं पाणी कमी होतं, आणि पाण्याखाली त्याचा धोका वाढतो. सर्दी असेल, नाक चोंदलं असेल तर डुबकी पुढे ढकला. औषधाने नाक मोकळं करून उतरू नका, कारण खाली असताना त्याचा असर गेला तर वर येताना कान आणि कपाळ भयंकर दुखतात.

सकाळी निघण्याच्या दीड-दोन तास आधी हलकं खा. माझ्याकडे उतरणाऱ्यांना मी उकड्या तांदळाची पेज देते, सोबत थोडं लोणचं किंवा भाजलेला पापड. पोटाला आधार होतो आणि होडी हलली तरी त्रास होत नाही. उपाशीपोटी गेलात तर मळमळ जास्त होते. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्या. होडीत बसल्यावर घेतलेली कामाला येत नाही. आणि बसायचं ते मागच्या बाजूला, नजर क्षितिजावर ठेवून. मोबाइलमध्ये बघू नका.

६. पाण्याखाली

सिलिंडर १४-१५ किलोचा असतो. होडीत तो फार जड वाटतो, पाण्यात पडलात की वजन जाणवतच नाही. श्वास तोंडातल्या रेग्युलेटरमधून घ्यायचा, नाक मास्कच्या आत बंद. पहिल्या दोन मिनिटांत शरीर म्हणतं, 'हे खरं नाही, वर चल.' सगळ्यांना होतं. तेव्हा काहीही करायचं नाही. प्रशिक्षकाचा हात धरा आणि फक्त उच्छ्वास लांबवा. आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू येतो, आत घेताना घर्र असा आणि सोडताना बुडबुड्यांचा. तो आवाज एका लयीत आला की भीती आपोआप उतरते.

मग तीन नियम.

श्वास कधीही रोखायचा नाही. दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाएवढा वाढतो. दहा मीटरवर फुगवलेला फुगा वर आणला तर दुप्पट होतो, तशीच फुप्फुसातली हवाही. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून अखंड श्वास, आणि वर येताना सावकाश, सगळ्यात लहान बुडबुड्यापेक्षाही हळू.

कान दुखायच्या आधी मोकळे करायचे. नाक चिमटीत धरून अलगद फुंकर मारा, साधारण दर मीटरला एकदा. दुखू लागलं तर थोडं वर या, मोकळे करा, मग खाली. जोर लावू नका. मला खाली दाबलं गेलं तेव्हा नेमकं हेच करायला कुणी वेळ दिला नव्हता.

खुणा पाठ करा. 'ठीक आहे' म्हणजे अंगठा आणि तर्जनीचा गोल. अंगठा वर म्हणजे 'वर जायचंय', आपण जमिनीवर करतो तसं 'छान' नाही. पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवला की 'काहीतरी गडबड आहे', आणि मग बोटाने गडबड कुठे ते दाखवा, कान, मास्क, पाय.

भरलेला सिलिंडर साधारण २०० बार दाबाचा असतो, आणि ५० उरायच्या आत होडीवर परत असायचं. पहिल्या वेळी ते प्रशिक्षक बघतो, तरी आपणही काट्यावर नजर टाकायची सवय लावा.

कशालाही हात लावू नका. काळ्या लांब काट्यांचे समुद्री अर्चिन आणि लायनफिश दोन्ही टोचतात. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, तुटलेला तुकडाही घरी नेता येत नाही. आणि फिन्स (पोहण्याचे रबरी पंख) लावलेल्या पायांकडे लक्ष द्या. आपल्या एका लाथेने जे मोडतं, ते वाढायला कित्येक वर्षं लागलेली असतात.

७. वर आल्यावर: विमान नको, घाटही नको

दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडायच्या आत तुम्ही उंचावर गेलात, जिथे हवेचा दाब कमी, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखतात, आणि क्वचित फार गंभीर इजा होते. म्हणून विमानाआधी एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्यांनंतर किमान १८ तास थांबायचं असतं. मी सरसकट २४ धरते.

विमानाचं बहुतेकांना माहीत असतं. घाटाचं कुणी सांगत नाही. आपण कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची माणसं मोटारीने येतो आणि मोटारीनेच परततो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, चोर्ला त्याहून उंच. विमान नसलं तरी उंची ती उंचीच. माझा मामेभाऊ दुपारी डुबकी मारून संध्याकाळी चोर्ल्याने निघणार होता. मी चावी काढून ठेवली, भांडण झालं, पण राहिला. कोकणकन्या किंवा मांडवी एक्सप्रेसने जाणार असाल तर ती लाइन किनाऱ्याच्या बाजूने खालूनच जाते, तरीही त्याच दिवशी नको. दगदग टाळा, भरपूर पाणी प्या. परतल्यावर सांधे दुखले, हातपाय बधिर झाले, चक्कर आली, तर थकवा समजून झोपू नका. आधी प्रशिक्षकाला फोन, मग थेट रुग्णालय, आणि तिथे 'डायव्हिंग केलंय' हे पहिलं वाक्य.

८. ते चोवीस तास ताटापुढे

आता मनसोक्त खा.

सकाळ पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने सुरू होते. सायकलच्या टोपलीत पाव, उंडो, कोंड्याची पोई, कडक काकणां. गरम पोई घ्या आणि जवळच्या साध्या हॉटेलात पातळ भाजी किंवा आळसाण्यांचं तोंडाक मागा. आळसांदे म्हणजे आपली मोठी चवळी, भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवलेली. शाकाहारी माणसाची गोव्यात आबाळ होते हे खरं नाही. खतखतें (मिश्र भाज्यांचं कालवण) मिळालं तर सोडू नका, त्यातल्या तिरफळाचा (हा इथला उग्र वासाचा मसाला) वास दिवसभर बोटांना राहतो.

मग बाजार. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जमला तर उत्तम, नाहीतर मडगाव किंवा पणजीचा मासळी बाजार. मासळीची नावं इथे वेगळी, आणि नवख्या माणसाची पहिली अडचण तीच असते. सुरमई म्हणजे इसवण. कोळंबी म्हणजे सुंगटां. चिंबोरी म्हणजे कुर्ल्यो. माकूल म्हणजे माणक्यो. शिंपल्या म्हणजे तिसऱ्यो. बोय म्हणजे शेवटो. आणि रायगडचा जिताडा इथे चणक होतो. कल्ला उघडून बघा, लालभडक हवा. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरून यायला हवा. माझी नेहमीची बाई मी कल्ल्याला हात लावायच्या आतच स्वतः उघडून दाखवते, "पळय बाय, ताजें." तिच्या टोपलीतले बांगडे सकाळी नऊ वाजताही ताठ असतात, शेपटीला धरलं तर वाकत नाहीत.

दुपारी थाळी. हॉटेल निवडताना पाटी बघू नका, एक वाजता कचेऱ्यांतली माणसं कुठे शिरतात ते बघा. 'उकडें शीत' (उकड्या तांदळाचा भात) मागा, पांढऱ्या भातापेक्षा हुमणाला, म्हणजे माशाच्या कालवणाला, तोच भात शोभतो. बांगड्याचं हुमण खोबऱ्याचं, तांबूस, सोलांनी (आमसुलांनी) आंबट, आणि त्यात दोन-चार तिरफळं. तिरफळ चघळायचं नाही, वासापुरतं असतं. बाजूला तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर), रव्यात तळलेली तुकडी, सोलकढी. आंबट-तिखट आवडत असेल तर दुसऱ्या दिवशी मोरीचं (लहान शार्कचं) आंबोट-तीक. ख्रिस्ती घरांतली चव वेगळी, व्हिनेगरची. रेशादचा तिखट लाल मसाला भरलेला बांगडा, हिरव्या मसाल्यातली काफ्रियाल कोंबडी, आणि शेवटी थराथरांचा गोड बेबिंका.

इथला सापळा एकच. थाळीची किंमत ठरलेली असते, पण 'वेगळं तळून देऊ का?' म्हणून येणारा मासा वजनावर असतो. शॅकमध्ये (किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलात) ताटात मांडून दाखवतात तेव्हा भाव किलोचा की नगाचा, आणि वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, हे तिथल्या तिथे विचारा. सोमवारी हिंदू घरांतून बहुतेक ठिकाणी मासे शिजत नाहीत, म्हणून घरगुती जेवण ठरवलं असेल तर वार बघून ठरवा.

फेणी आता प्यायची असेल तर प्या, बेताने. मार्च ते मे आलात तर उर्राक, काजूच्या बोंडांचा पहिला उतारा. ती फक्त त्याच दिवसांत मिळते.

९. चार दिवस असे लावा

पहिल्या दिवशी पोचा, हलकं जेवा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी तलावातला सराव आणि प्रशिक्षकाशी निवांत बोलणं. तिसऱ्या दिवशी सकाळी डुबकी, दुपारी झोप, रात्री साधं जेवण. चौथा दिवस बाजार आणि थाळीचा, आणि रात्रीची गाडी. हवा बिघडली तर डुबकी चौथ्या दिवशी ढकलायचा मोह होईल. तेव्हा परतीचं तिकीट एक दिवस पुढे न्या, नाहीतर डुबकी सोडून द्या. विमानतळ दाबोळी की मोपा, हे तिकीट काढतानाच बघा. मुक्काम दक्षिणेला असेल तर मोपा फार लांब पडतं.

जाताना सोलं, तिरफळं आणि सुकी सुंगटां न्या. सोलं हाताला ओलसर, काळपट लाल लागली पाहिजेत, कडक झालेली जुनी असतात. सुंगटं आधी वर्तमानपत्रात, मग दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, आणि वर झाकणाचा डबा. कोकणकन्येच्या डब्यात रात्रभर वास सुटला तर अख्खा डबा जागा होतो, म्हणून दोऱ्याने डबाही बांधा.